पिंजरा आणण्यापूर्वी आणि आणल्यावर: घरी पोपट सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी

‘आम्हाला पोपट पाळायचा आहे’ असे मराठी घरात कोणी म्हटले, की डोळ्यांसमोर हिरवा, लाल चोचीचा आणि गळ्याभोवती कंठ असलेला राघू येतो, आणि नेमका तोच आपल्याला पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार भारतात निसर्गतः आढळणारे सर्व पोपट संरक्षित आहेत. साधा राघू, खांद्यावर तांबडा ठिपका असलेला मोठा पहाडी पोपट आणि ज्यातील नराचे डोके जांभळट गुलाबी असते तो लहान पोपट, हे सगळे त्यात येतात. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘आजोबांच्या काळापासून आमच्याकडे मिठू आहे’ हे कारण कायद्यापुढे टिकत नाही. पूर्वी अंगणात राघूचा पिंजरा टांगलेला असे हे खरे. पण त्यातील बहुतेक पक्षी ढोलीतून काढलेली पिल्ले असत आणि पिंजऱ्यात पोहोचणाऱ्या एका पिल्लामागे वाटेत किती मेली, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

तुमच्याकडे असा पक्षी आधीपासून असेल किंवा कोणी आणून दिला असेल, तर त्याला गच्चीवरून उडवून देऊ नका. माणसाच्या हातून खाऊन वाढलेल्या राघूला कावळा, शिकरा आणि मांजर यांची ओळख नसते आणि उडण्याचा सरावही नसतो. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. तिच्यावर कळवून पक्षी वनविभागाच्या किंवा त्याच्याशी संलग्न उपचार केंद्राच्या ताब्यात द्यावा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे असे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

यापुढील सर्व मजकूर विदेशी जातींच्या, बंदिस्त पैदाशीतून आलेल्या पोपटांविषयी आहे.

पहिली पायरी: जात निवडणे

नवख्या माणसाने दोनच नावे विचारात घ्यावीत असे माझे स्पष्ट मत आहे: बजरीगर आणि कॉकटिएल. दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत प्रदेशातील आणि थव्याने राहणारे पक्षी आहेत. बाजारात नावांचा मोठा गोंधळ असतो. आपल्याकडे ‘लव्हबर्ड’ म्हणून जे विकले जातात ते बहुतेक वेळा बजरीगरच असतात, खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि स्वभावाने बरेच भांडखोर असतात. तर कॉकटिएलचे अनेक दुकानांत सरळ ‘कॉकटेल’ झालेले आहे. नावावर न जाता पक्षी पाहावा.

बजरीगर साधारण ५ ते १० वर्षे जगतो, कॉकटिएल १५ ते २० वर्षे. कन्यूर हा अमेरिका खंडातला लांब शेपटीचा पोपट २० वर्षांहून अधिक जगू शकतो आणि आफ्रिकन ग्रे हा आफ्रिकेतला करडा पोपट ४० ते ६० वर्षे, म्हणजे चाळिशीतल्या माणसाने आफ्रिकन ग्रेचे पिल्लू आणले तर त्या पक्ष्याला मालकाच्या पश्चात दुसरे घर लागणार हे जवळजवळ निश्चितच असते. लहान मूल हट्ट करते म्हणून आणलेला कॉकटिएल ते मूल महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असतो, आणि मग पिंजऱ्याची जबाबदारी आईवर पडते, हे मी किमान चार घरांत पाहिले आहे.

कॉकटिएलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. घरात कोणाला दमा असेल तर आधी अशा पक्ष्यांच्या खोलीत दोन-तीनदा तासभर बसून पाहावे. शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागून असेल, तर कन्यूरचा विचार सोडून द्यावा. सन कन्यूरची किंकाळी खालच्या मजल्यापर्यंत सहज पोहोचते.

कागदपत्रांचा भागही येथेच उरकून घ्यावा. २०२२ च्या दुरुस्तीने मूळ कायद्याला चौथी अनुसूची जोडली गेली आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीतील विदेशी जाती तिच्यात आल्या. २०२४ च्या नियमांनुसार अशा जातीचा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नोंद करायची असते. हस्तांतर, जन्म आणि मृत्यू यांचीही नोंद लागते. कन्यूर, मकाव, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे हे सगळे या व्यापार-नियंत्रणाखालच्या जातींपैकी आहेत. बजरीगर आणि कॉकटिएल मात्र त्या आंतरराष्ट्रीय यादीतून वगळलेले आहेत, आणि नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी याचे हेही एक व्यवहारी कारण आहे. पावती मात्र कोणत्याही पक्ष्याची घ्यावी.

दुसरी पायरी: पक्षी पारखून घेणे

‘हँडफीड’ म्हणजे हाताने भरवावे लागणारे पिल्लू, सोबत भरवण कालवण्यासाठी पावडरचा डबा आणि सिरिंज, असा सौदा नवख्यांच्या गळ्यात हमखास मारला जातो. असे पिल्लू अधिक माणसाळते असे सांगितले जाते. प्रत्यक्षात भरवण चाळीस अंशांच्या आसपास हवी. जरा अधिक गरम झाली तर गळ्याची पिशवी भाजते, थंड झाली तर ती पिशवीतच आंबते आणि सिरिंज चुकीच्या बाजूने गेली तर पातळ अन्न श्वासनलिकेत उतरून पिल्लू तुमच्या हातातच मरते. स्वतःचे स्वतः दाणे टिपून खाणारा पक्षीच घ्यावा. कॉकटिएलच्या बाबतीत ही अवस्था साधारण आठ ते दहा आठवड्यांनी येते. विक्रेत्याला ‘याला माझ्यासमोर खाऊ द्या’ असे म्हणावे आणि पंधरा मिनिटे तेथेच उभे राहावे.

निरोगी पक्ष्याचे डोळे स्वच्छ आणि उघडे असतात, नाकपुड्या कोरड्या असतात, गुदद्वाराभोवतीची पिसे चिकटलेली नसतात आणि दिवसा तो फुगून, डोळे मिटून बसत नाही. बजरीगरच्या कपाळावरच्या आडव्या रेषा चोचीवरच्या मांसल पट्टीपर्यंत आलेल्या असतील, तर तो तीन-चार महिन्यांच्या आतला असतो. प्रौढ नराची ती पट्टी बहुतेक निळी, मादीची तपकिरी होत जाते.

एक घ्यावा की दोन? घरात दिवसभर कोणी नसेल तर दोनच घ्यावेत. थव्यातला पक्षी एकटा आठ-दहा तास भिंतीकडे पाहत बसला की पिसे उपटू लागतो, आणि ही सवय लागली की ती मोडणे अवघड असते. घरात आधी पक्षी असेल तर नव्याला किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे आणि जुन्याचे खाणे-पाणी आधी, नव्याचे नंतर करावे.

तिसरी पायरी: पिंजरा आणि त्याची जागा

पोपट आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा सरळ वर चढत नाही; म्हणून उंच, निमुळत्या किंवा गोल घुमटाच्या शोभिवंत पिंजऱ्यापेक्षा लांबट चौकोनी पिंजरा चांगला. दोन बजरीगरांसाठी अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, दोन कॉकटिएलांसाठी तीन फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद व उंच, याहून लहान घेऊ नये. बजरीगरसाठी गजांतले अंतर अर्ध्या इंचाहून अधिक असेल तर डोके अडकते. कॉकटिएलसाठी ते पाऊण इंचाच्या आत असावे. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी पोपट चोचीने सोलतात आणि जस्ताची विषबाधा होते. दुसरा पर्याय नसेल तर अशी जाळी व्हिनेगर लावून ताठ ब्रशने घासावी, धुवावी आणि काही दिवस उन्हात ठेवावी. पण पावडर कोटिंगचा किंवा स्टीलचा पिंजरा घेतला तर ही चिंताच उरत नाही.

पिंजऱ्यासोबत येणाऱ्या गुळगुळीत, एकाच जाडीच्या प्लास्टिकच्या दांड्या काढून टाकाव्यात, कारण त्यांवर सतत बसून तळपायांना फोड येतात. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, औषध न फवारलेल्या फांद्या धुऊन, वाळवून वेगवेगळ्या जाडीच्या लावाव्यात. कण्हेरीची फांदी मात्र चुकूनही नको. ती विषारी आहे आणि सोसायट्यांच्या कुंपणाला सर्रास असते. दाण्या-पाण्याच्या वाट्यांवर फांदी येऊ देऊ नये, नाहीतर सगळी विष्ठा त्यांत. घरटे, मडके किंवा लाकडी पेटी ठेवू नये. ती दिसली की मादी अंडी घालायला लागते, एकामागून एक अंडी घालून तिचे कॅल्शियम संपते आणि अंडे अडकून ती दगावू शकते.

पिंजरा छातीच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून, घरच्यांचा वावर असलेल्या खोलीत असावा. मुंग्यांचा त्रास असेल तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. दुधाच्या जाळीच्या कपाटासाठी आपल्या आज्या जे करीत तेच. मुंग्यांचा खडू किंवा फवारा त्या खोलीत वापरू नये. गॅलरीत पिंजरा रात्रभर ठेवणे म्हणजे मांजर, घूस आणि साप यांना आमंत्रण आहे.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून पक्षी धापा टाकू लागला तर त्याला लगेच सावलीच्या, हवेशीर जागी हलवावे आणि पायांवर साधे पाणी शिंपडावे, बर्फाचे नको. कूलरचा किंवा एसीचा थेट झोतही नको. कोवळे ऊन मात्र रोज पंधरा-वीस मिनिटे मिळावे, तेही काचेआडून नव्हे, कारण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण काच अडवते. त्या वेळी पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत असावा आणि आपण शेजारी बसावे.

चौथी पायरी: घरातले धोके

पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांबरोबर हवेच्या पिशव्या असतात आणि श्वास घेताना व सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसांतून जाते. या कार्यक्षमतेमुळेच विषारी वायूही त्याला आपल्यापेक्षा फार लवकर बाधतो. नॉनस्टिक तवा गॅसवर विसरला आणि २६०–२८० अंशांच्या पुढे तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारतो, आणि त्यावर उपाय नाही. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको, आणि माझ्या मते पोपट असलेल्या घरात नॉनस्टिक भांडीच नकोत. बिडाचा तवा काही वाईट नसतो. मिरचीच्या फोडणीचा ठसका, उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर आणि सिगारेट यांचेही तेच. देवघर आणि पिंजरा एकाच खोलीत असतील तर पिंजऱ्याने जागा बदलावी.

छताचा पंखा हा आपल्याकडचा दुसरा मोठा मारेकरी. नियम एकच: पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वी पंखा बंद, खिडक्या बंद, काचांवर पडदे ओढलेले, पाण्याच्या बादलीवर झाकण. पंख छाटले की हे काही करावे लागत नाही असे दुकानदार सांगतो. पण छाटलेल्या पंखांचा पक्षी छातीवर आपटतो आणि धास्तावलेला राहतो. नवख्याने ते करू नये आणि करवूनही घेऊ नये.

पाचवी पायरी: खाणे

भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची हा राघूचा परंपरागत पाहुणचार. त्यातील मिरचीचे कोडे सोपे आहे: आपल्याला जो तिखटपणा झोंबतो तो पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जाणवतच नाही. मिरचीत अ जीवनसत्त्वाला पूरक द्रव्ये भरपूर असल्याने ती द्यायला हरकत नाही. प्रश्न येतो तो केवळ दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्यांचा.

दुकानात मिळणारे मिश्रण म्हणजे मुख्यतः राळा, ज्याला तेथे ‘कांगणी’ म्हणतात, आणि कॉकटिएलसाठी त्यात सूर्यफुलाच्या बिया. दाण्यांत अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी, सूर्यफुलात चरबी फार. वर्षानुवर्षे तेवढेच खाणाऱ्या पक्ष्याचे यकृत चरबीने भरते, चोच व नखे वेडीवाकडी वाढतात आणि सर्दीसारखे विकार बळावतात. म्हणून दाणे निम्म्याहून अधिक नसावेत. बजरीगरला दिवसाला दीड ते दोन चहाचे चमचे दाणे पुरतात. वाटीत वर दिसते ती बहुतेक नुसती फोलपटे असतात, ती रोज फुंकून काढावीत. भरलेली वाटी पाहून मालक निर्धास्त आणि पक्षी उपाशी, असे खरोखर घडते.

उरलेला निम्मा आहार आपल्या स्वयंपाकघरातच आहे. किसलेले गाजर, तांबडा भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, मटाराच्या कोवळ्या शेंगा, उकडलेल्या मक्याचे दाणे आणि मोड आलेले मूग व मटकी. पालक अधूनमधून, कारण तो कॅल्शियम शोषू देत नाही. भाज्या मिठाच्या पाण्यात नव्हे, साध्या पाण्यात नीट धुवाव्यात. मोड पांढरे, ताजे आणि वास न येणारे असावेत. उन्हाळ्यात अशी वाटी दोन तासांत उचलावी. फळ थोडेच: पेरू, पपई, डाळिंबाचे दाणे, बी काढलेले सफरचंद. पेलेट्स, म्हणजे पक्ष्यांसाठीच्या तयार खाद्याच्या गोळ्या, मिळत असतील आणि परवडत असतील तर उत्तम, पण बदल सावकाश करावा. लहान पक्षी दिवसभर उपाशी राहिला तरी जिवावर बेतते, म्हणून ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब येथे लावू नये. तुम्ही स्वतः त्याच्यासमोर गाजर चावून खाल्लेत तर तो लवकर शिकतो. थव्यात एकाने टिपले की दुसरा टिपतो.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगावा. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. वाळूचे खडे मात्र घालू नयेत. पोपट दाणा सोलून खातो, त्याला त्यांची गरज नसते.

अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि मद्य पूर्ण वर्ज्य. कांदा, लसूण, खारे फरसाण, सफरचंदाच्या बिया आणि आलुबुखार, पीच यांच्या आठळ्या, हेही नको. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दाण्यांना आणि शेंगदाण्यांना बुरशी धरते आणि तिचे विष यकृतावर जाते. दाणे थोडे-थोडे आणावेत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि कुबट वास आला तर निवडत न बसता फेकून द्यावेत. शेंगदाणा मी पावसाळ्यात देतच नाही.

सहावी पायरी: दिनक्रम आणि माणसाळवणे

दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते, आणि रात्री अकरापर्यंत टीव्ही चालणाऱ्या दिवाणखान्यात ती मिळत नाही. पातळ सुती कापड टाकावे, पण कॉकटिएलला अंधारात दचकून फडफडण्याची खोड असते, म्हणून मंद दिवा ठेवावा. दिवाळीच्या चार रात्री पिंजरा आतल्या खोलीत न्यावा. आठवड्यातून दोन-तीनदा पसरट ताटलीत पाणी ठेवले की पक्षी आपण होऊन आंघोळ करतो; दुपारच्या आत उरकावे.

पहिले चार-पाच दिवस नुसते जवळ बसून हलक्या आवाजात बोलावे. मग गजांतून राळ्याचे कणीस धरावे, मग दार उघडून धरावे, मग कणीस बोटाच्या मागे धरावे म्हणजे ते खाण्यासाठी त्याला बोटावर यावे लागेल. कॉकटिएलचा तुरा वाचायला शिकावे: ताठ उभा तुरा म्हणजे दचकलेला, पूर्ण आडवा आणि चोच उघडी म्हणजे चिडलेला. चिडलेल्याला मुठीत धरलेत तर महिनाभराची कमाई गेली. खेळण्यांत मक्याची सोललेली पाने आणि मऊ लाकडाचे तुकडे असू द्यावेत. सुताचे धागे बोटांत गुरफटतात, म्हणून ते नकोत.

सातवी पायरी: आजार ओळखणे

पोपट आजार लपवतो, कारण थव्यातला अशक्त पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. तो पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलेला दिसला, तर दुखणे आज सुरू झालेले नसते. म्हणून स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा हे सर्वांत उपयोगी साधन. बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा, कॉकटिएल ८० ते १०० ग्रॅमचा. दर आठवड्याला सकाळी उपाशीपोटी वजन लिहून ठेवावे आणि दहा टक्के घट दिसली की पशुवैद्य गाठावा. श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणे, विष्ठेचा रंग बदलणे, आवाज बसणे, यांतही थांबू नये. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर पक्षी पाहत नाहीत, म्हणून पक्षी घेण्यापूर्वीच फोन करून विचारून ठेवावे. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि तेथीलच पशुवैद्यकीय महाविद्यालय सर्वांना ठाऊक आहेत. घरातल्या माणसांची उरलेली प्रतिजैविके पाण्यात घालू नयेत. आजारी पक्ष्याला नेईपर्यंत सुमारे ३० अंशांच्या उबेत, अंधारलेल्या खोक्यात ठेवावे.

पोपटांपासून माणसाला होणारा सिटाकोसिस हा ताप-खोकल्याचा जिवाणूजन्य आजार आहे. घरच्या कोणाला लांबलेला ताप असेल तर आपल्या डॉक्टरांना ‘घरात पोपट आहे’ हे न विचारता सांगावे. सुकलेली विष्ठा झाडू नये. ओल्या कापडाने पुसावी.

आठवी पायरी: दुसरे घर देणे किंवा घेणे

बदली, बाळंतपण, दमा, म्हातारपण: पक्षी सोडावा लागण्याची कारणे खरी असतात आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाजेपोटी रात्रीतून खिडकी उघडणे मात्र वाईट. बजरीगर आपल्या हवेत दोन दिवसही काढत नाही, कावळेच त्याला संपवतात. दुकानदाराला परत देणेही टाळावे, कारण तेथून तो कोठे जाईल ते तुमच्या हाती राहत नाही.

वेळ हातात असताना शोध सुरू करावा. घेणाऱ्याच्या घरी जाऊन पिंजऱ्याची जागा पाहावी. त्याने पूर्वी पक्षी सांभाळला आहे का, सुट्टीत कोण पाहणार, पक्ष्यांचा डॉक्टर कोणता, घरातले सगळे राजी आहेत का, हे विचारावे. ‘नुसता बोलणारा हवा’ किंवा ‘पिल्ले काढायची आहेत’ हे पहिलेच वाक्य असेल तर पुढच्याकडे वळावे. पैसे घ्यायचेच असतील तर पिंजऱ्याचे घ्यावेत. नोंदणी लागणारी जात असेल तर हस्तांतराची नोंद दोघांनी मिळून करावी.

पक्ष्यासोबत एक वही द्यावी. तीत वय, पायातल्या कडीचा क्रमांक, वजनाच्या नोंदी, झालेले आजार, रोजचे खाणे, झोपेची वेळ, कशाला घाबरतो, कोणत्या शब्दांना प्रतिसाद देतो, हे सगळे असावे. ‘लाल रंगाच्या कपड्याला बिचकतो’ ही एक ओळ नव्या घरातला आठवडा वाचवते. पिंजरा, फांद्या आणि आवडते खेळणे तेच जाऊ द्यावे.

घेणाऱ्याने पहिले तीन आठवडे जुना आहार, जुन्या वेळा आणि पिंजऱ्याची तीच मांडणी ठेवावी, मग हवे ते बदलावे. प्रौढ पक्षी माणसाळत नाही हा समज चुकीचा आहे, त्याला फक्त अधिक दिवस लागतात. प्रवास लहान पेटीत, तळाशी जुने टॉवेल घालून, पाण्याऐवजी काकडीची फोड ठेवून, सकाळच्या थंड वेळेत करावा. पोहोचल्यावर पेटीचे तोंड पिंजऱ्याच्या दाराला लावून त्याला आपण होऊन आत जाऊ द्यावे, आणि त्या दिवशी पाहायला येणाऱ्या नातेवाइकांना पुढच्या आठवड्याचे बोलावणे द्यावे.